पाणी खोलीपेक्षा किती गरम चालेल?

या वेळच्या टपालात संगणकाच्या वॉटर कूलिंगवर पत्रं जास्त आहेत, म्हणून फ्रिज आणि गिझरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवतो. नवीन वाचकांना माझी ओळख एवढीच: मी गिरगावात राहतो, २६ वर्षं एसी-फ्रिजच्या कामात आहे, आणि गेली काही वर्षं घरचे नि ओळखीच्यांचे संगणकही बांधतो. पाण्यावर थंड होणारं पहिलं मशीन मुलीसाठी बांधलं. ती अ‍ॅनिमेशनचं काम करते, त्यामुळे तिचं मशीन रात्र रात्र रेंडरिंगला लागलेलं असतं. जे काही शिकलो ते त्या मशीनवर.

प्रश्न : काका, मी लालबागला चाळीत राहतो. खोली दहा बाय बारा, एसी नाही, पंखा आहे. रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०८० सुपर ग्राफिक्स कार्ड घेतलं आहे, दोन्हींना पाण्याचे ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी फिरणारे ठोकळे) लावणार आहे. कॅबिनेटमध्ये वर ३६० चा रेडिएटर बसतो, पुढे १४० चे दोन पंखे बसतात. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात म्हणाले, दोघांना मिळून २४० पुरेल. मित्र म्हणतो, दोन ३६० असतील तरच या फंदात पड. दुसरा मित्र म्हणतो, एकच घे पण ६० मिलिमीटर जाडीचा घे. कोणाचं ऐकू? — विद्यार्थी, लालबाग

उत्तर : तिघांनीही तुला आकार सांगितला (२४० म्हणजे १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसतील एवढा रेडिएटर, ३६० म्हणजे तीन, २८० म्हणजे १४० चे दोन), पण पाणी किती तापलेलं चालेल हे कोणी विचारलं नाही. आपण तिथूनच सुरुवात करू.

रेडिएटर थंडावा तयार करत नाही. एसीत कॉम्प्रेसर असतो, गॅस असतो, म्हणून खोली बाहेरच्यापेक्षा थंड होते. तुझ्या लूपमध्ये, म्हणजे ब्लॉक आणि रेडिएटरमधून पाणी फिरणाऱ्या बंद वाटेत, पंप, पाणी आणि पंखे एवढंच आहे. त्यामुळे पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होणार नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मे महिन्यात तुझी खोली ३३ अंशांवर असेल तर पाणी ३३ च्या वरच राहणार. किती वर, ते रेडिएटर ठरवतो. म्हणून मी आधी हा फरक ठरवतो आणि मग आकार.

हा फरक जितका जास्त तितकी उष्णता जास्त बाहेर पडते. फरक दुप्पट झाला की वॅटही दुप्पट. ढोबळ हिशेब असा धर: १२० च्या एका पंख्याएवढा रेडिएटर, पंखा मिनिटाला १,२००-१,३०० फेऱ्यांवर, आणि पाणी हवेपेक्षा १० अंश वर, असं असताना साधारण १०० वॅट बाहेर जातात. फिन्सची (रेडिएटरच्या पातळ पत्र्यांची) दाटी आणि पंख्याची जात यांनी आकडा थोडा मागेपुढे होतो, पण खरेदीआधीच्या हिशेबाला एवढं पुरतं.

आता तुझा लोड. ग्राफिक्स कार्डाचे ३२० वॅट. प्रोसेसरची वरची मर्यादा १६२ वॅट असली तरी गेम खेळताना तो ६०-७० च्या आसपासच खातो, कारण खरी मेहनत कार्ड करत असतं. पंपाचे २० धर. झाले ४१०.

२४० लावलास तर १२० चे दोन भाग, म्हणजे १० अंशांत २०० वॅट. तुला ४१० घालवायचे आहेत, तर फरक वाढत वाढत साडेवीसवर जाऊन थांबेल. ३३ आणि साडेवीस मिळून साडेत्रेपन्न. डी५ जातीच्या पंपाला पाणी ६० अंशांपर्यंतच चालतं. पीईटीजी प्लास्टिकच्या पारदर्शक नळ्या साठीच्या आसपास मऊ पडायला लागतात, आणि नळी मऊ पडली की पहिला त्रास फिटिंगच्या रबरी रिंगपाशी होतो. त्यात कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम असते आणि तीन महिन्यांत फिन्सवर धूळ बसते. म्हणजे २४० वर मशीन चालेल, पण सगळा उन्हाळा काठावर. मी असं मशीन कोणाला बांधून देणार नाही.

३६० एकटा लावलास तर फरक पावणेचौदाच्या आसपास, पाणी ४७ च्या आत. त्याच्या जोडीला पुढे २८० लावलास तर फरक सव्वासात, पाणी चाळिशीच्या किंचित वर. आणि मित्राच्या म्हणण्याप्रमाणे दोन ३६० लावलेस तर फरक सातच्या जरा आत. हे आकडे शेजारी शेजारी लिहून बघ. पहिल्या पायरीला सात अंश मिळाले, दुसरीला साडेसहा आणि तिसरीला अर्धासुद्धा नाही. २४० वर पैसे वाचवू नकोस आणि दुसऱ्या ३६० साठी कॅबिनेट बदलू नकोस. वर ३६०, पुढे २८०, हे माझं उत्तर.

२८० ला लोक उगाच कमी लेखतात. नावात ऐंशी कमी दिसतात म्हणून तो ३६० च्या खूप खालचा वाटतो. पण १४० च्या पंख्याची रुंदीही जास्त असते. २४० चं क्षेत्रफळ २८,८०० चौरस मिलिमीटर, २८० चं ३९,२०० आणि ३६० चं ४३,२००. म्हणजे २८० हा ३६० च्या नऊ-दशांश झाला. शिवाय मोठा पंखा तेवढीच हवा कमी फेऱ्यांत ढकलतो. चाळीत रात्री अकरानंतर पलीकडच्या खोलीत कोणी झोपलेलं असतं, तेव्हा याचं मोल कळतं.

जाडीचं म्हणशील तर दुप्पट जाडीने दुप्पट उष्णता जात नाही. हवा पहिल्या ३० मिलिमीटरमध्येच तापते आणि उरलेल्या ३० मध्ये गरम हवाच शिरते. शिवाय जाड रेडिएटरमधून हवा ढकलायला पंखा जोरात फिरवावा लागतो. हेच मी रोज आउटडोअर युनिटवर बघतो. कॉइलच्या रांगा वाढवल्या आणि फॅन तोच ठेवला, तर कॉइल मोठी असूनही कॉम्प्रेसर हाशहुश करतो. क्षेत्रफळासाठी जागा असेल तर ३० मिलिमीटरचाच घे. आणि सेकंडहँड घेताना फिन्स फार दाट असलेला टाळ. तो जोरदार पंख्यांसाठी असतो आणि आपल्याकडची चिकट धूळ त्यात लवकर अडकते.

खरेदीआधी पुठ्ठा काप. ३६० चा रेडिएटर ३६० मिलिमीटर लांब नसतो. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो ४०० च्या जवळ जातो. रुंदी १२० ते १२५. जाडी ३० अधिक पंख्याचे २५, मिळून ५५. एवढ्या मापाचा ठोकळा मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा बनव, सेलोटेपने चिकटव आणि कॅबिनेटच्या छताला आतून लावून बघ. तो बहुतेक रॅमच्या डोक्याला किंवा प्रोसेसरच्या वरच्या जाड हीटसिंकला टेकतो. टाकीचं तोंड मागे ठेवायचं की पुढे, नळी वळायला बोटभर जागा उरते का, हेही त्याच वेळी दिसतं. मुलीच्या मशीनला मी हे केलं नव्हतं आणि विकत आणलेला रेडिएटर चार मिलिमीटरसाठी परत करावा लागला.

पुढचे पंखे हवा आत घेणारे ठेव, वरचे बाहेर टाकणारे. वरच्या रेडिएटरला पुढून तापून आलेली हवा मिळेल हे खरं, पण तो फटका दोन-चार अंशांचाच असतो. पंख्यांचा वेग मात्र प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नकोस. प्रोसेसर क्षणात २० अंश चढतो नि उतरतो, पंखेही त्याच्याबरोबर घोंघावत बसतात. पाण्यात एक छोटा सेन्सर बसवून पंखे त्याच्यावर चालव. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे पंखेही सावकाश चढतात.

मुलीच्या मशीनवर सुरुवातीला ३६० एकटाच होता. एप्रिलमधल्या एका रात्री मी रेंडर लावून समोर वही घेऊन बसलो. खोलीत ३१ अंश. पहिल्या पाच मिनिटांत पाणी ३७ वर गेलं, दहाव्या मिनिटाला ४१, आणि पंचविसाव्या मिनिटाला ४४ वर स्थिरावलं ते पहाटेपर्यंत तिथेच. तेव्हा दहा मिनिटं गेम खेळून पाणी थंडच आहे म्हणून खूश होऊ नकोस. अर्धा तास थांब आणि मग आकडा लिही. त्या मशीनच्या दुसऱ्या रेडिएटरची हकीकत वेगळी आहे, ती शेवटच्या पत्राच्या उत्तरात सांगतो.

प्रोसेसर एवढं करूनही सत्तरीत दिसला तर घाबरू नकोस. ७८००एक्स३डी मध्ये कोअर्सच्या चिपवर कॅशचा (जवळच्या जलद मेमरीचा) आणखी एक थर रचलेला आहे, आणि चिप अगदी लहान. तिची उष्णता ब्लॉकपर्यंत यायलाच वेळ घेते. तिथे रेडिएटरचा काही इलाज चालत नाही. तिची मर्यादा ८९ अंशांची आहे. कार्डाची चिप मोठी असते, तिथे मात्र पाण्याचा फायदा लगेच दिसेल.

आता खोलीचं. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि याबद्दल तू एक शब्द लिहिलेला नाहीस. ४१० वॅट पाण्यातून हवेत जातात, पण ती हवा तुझ्याच खोलीतली आहे. एसीचा लोड काढताना आम्ही बसलेल्या माणसाचे साधारण १०० वॅट धरतो. म्हणजे तू खेळायला बसलास की खोलीत आणखी चार माणसं येऊन बसली असं समज. दहा बाय बारा, दहा फूट उंचीच्या खोलीत साधारण ४० किलो हवा असते. नुसत्या हवेचा हिशेब केला तर दीड-पावणेदोन मिनिटाला एक अंश चढेल. भिंती, लादी, कपाटं बरीचशी उष्णता पितात म्हणून तसं होत नाही, पण दार-खिडकी लावून तीन तास खेळलास तर खोली ३३ ची ३६ होईल आणि पाणीही तेवढंच वर सरकेल. तिथे तिसरा रेडिएटर लावूनही काही उपयोग नाही. आउटडोअर युनिट बंद डक्टमध्ये कोंबलं की स्वतःचीच गरम हवा ओढत बसतं, तसंच. मशीन खिडकीजवळ ठेव, पावसाची झड येणार नाही इतक्या अंतरावर, आणि जमलं तर खिडकीच्या वरच्या तावदानात सहा इंची एक्झॉस्ट बसव. तो लूपमधल्या कोणत्याही भागापेक्षा जास्त काम करेल आणि घरच्यांनाही बरं वाटेल.

खिशाला फार चाट बसत असेल तर आज ३६० एकटा घे आणि कार्डाची पॉवर लिमिट कमी करून २७० वॅटवर आण. फ्रेम्स थोड्याच पडतात, आणि ५० वॅट कमी होणं म्हणजे १२० चा अर्धा रेडिएटर फुकट मिळणं. दुसरा पुढच्या दिवाळीत लाव. फक्त नळ्या आखताना त्याची जागा धरून ठेव.

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे. त्याच्यासाठी रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ४०६० चा संगणक घ्यायचा आहे. तो वॉटर कूलिंगचा हट्ट धरून बसला आहे. पाणी गळून शॉर्टसर्किट होईल का, ही मला भीती आहे. केवढा रेडिएटर लागेल? — गृहिणी, बोरिवली

उत्तर : ताई, या मशीनला रेडिएटर नको. ते कार्ड ११५ वॅटचं आहे आणि प्रोसेसर जास्तीत जास्त ९० च्या आत. दोन्ही मिळून २०० वॅट. चांगला हवेचा कूलर आणि कॅबिनेटला तीन पंखे एवढ्यात ते आरामात थंड राहतं. पाण्याने गेम जलद चालत नाही. वाचलेल्या पैशांत त्याला मोठी एसएसडी आणि चांगला पॉवर सप्लाय घेऊन द्या.

गळतीची भीती अवाजवी नाही, पण नीट बांधलेलं मशीन गळत नाही. आधी अर्धा बार हवा भरून गेज अर्धा तास हलत नाही ना ते बघतात. मग पाणी भरून फक्त पंपाला वीज देतात, बाकी सगळं बंद, खाली टिश्यू पसरून, २४ तास. त्यानंतरच मशीन चालू. घाई करणारे इथेच फसतात. नंतरही दर वर्षी पाणी बदलणं, नळ्या तपासणं आलं. बारावीच्या वर्षात त्याच्या मागे हे लावू नका. घरातलं अर्थिंग तेवढं इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, ते कोणत्याही संगणकाला लागतंच.

एक विनंती आहे. त्याला पाण्याचं आकर्षण नुसत्या रंगीत दिव्यांचं आहे की हाताने काही जोडून बघण्याचं, हे त्याला विचारा. जोडायची आवड असेल तर ती मोडू नका. परीक्षा झाल्यावर जुन्या मशीनवर त्याला नळ्या वाकवू द्या. बिघडलं तरी नुकसान थोडं, आणि हाताला आलेली कला राहते.

प्रश्न : मुंबईच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की आमचा डेझर्ट कूलर काहीच कामाचा राहत नाही. वॉटर कूलिंगचंही तेच होईल का? आणि रेडिएटरवर दव जमून पाणी मदरबोर्डवर पडेल का? — वाचक, मुलुंड

उत्तर : दोन्हींचं उत्तर नाही. डेझर्ट कूलर पाण्याचं बाष्प करून हवा थंड करतो. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर पाणी उडतच नाही, म्हणून तो मुंबईत हरतो. संगणकाचं पाणी बंद नळ्यांत फिरतं, उडत नाही. रेडिएटरला फक्त हवेचं तापमान कळतं. जुलैत खोली २८-२९ वर असते, म्हणून तो मे महिन्यापेक्षा चांगलंच काम करतो.

दव जमतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर. चालू मशीनचं पाणी हवेपेक्षा नेहमी गरम असतं. अपवाद एकच: रात्रभर २० अंशांच्या एसीत बंद पडलेलं मशीन, आणि सकाळी एसी बंद करून सताड उघडलेल्या खिडक्या. एसी गाडीतून उतरल्यावर चष्मा धुरकटतो तसं त्याच्या पत्र्यावर होऊ शकतं. अर्धा तास थांबून चालू करा.

पावसाळ्यात खरा त्रास फिन्सचा. ओल्या हवेत धूळ चिकटून तिचा थर बसतो. महिन्याला एकदा मऊ ब्रशने, फिन्सच्या रेषेतच, आडवा न फिरवता झाडा.

प्रश्न : प्रोसेसरमधून निघालेलं गरम पाणी कार्डात जाऊ नये म्हणून मध्ये एक रेडिएटर हवाच का? आणि एक लिटरची जादा टाकी लावली तर रेडिएटर लहान चालेल का? — वाचक, चेंबूर

उत्तर : मध्ये रेडिएटर असण्याची गरज नाही. पंप मिनिटाला चार लिटर पाणी फिरवत असेल तर ४१० वॅट शोषूनही पाणी एका फेरीत दीड अंशच तापतं. लूपमध्ये कुठेही बोट लावा, पाणी जवळपास सारखंच असतं. नळ्या जिथून सरळ आणि कमी वळणांनी जातील तसा क्रम ठेवा. पंपाला पाणी वरून मिळेल, म्हणजे टाकी त्याच्या डोक्यावर असेल, एवढं मात्र सांभाळा. कोरडा फिरला तर पंप जातो.

टाकीने रेडिएटर लहान होत नाही. एक लिटर पाणी ४१० वॅटने एक अंश तापायला दहा सेकंद पुरतात. जादा लिटरने तुम्हाला दोन-तीन मिनिटं उशीर मिळेल, शेवटचा आकडा तोच राहील.

प्रश्न : काका, कुर्ल्याला सीएसटी रोडजवळ माझ्या वडिलांचं गाड्यांच्या रेडिएटरचं काम आहे. जुन्या प्रीमियर पद्मिनीचा तांब्या-पितळेचा एक रेडिएटर दुकानात पडून आहे. तो संगणकाला बाहेरून लावला तर कसं? की सरळ आजकालचा अ‍ॅल्युमिनियमचा घेऊ, हलका आणि नवीन? — डिप्लोमाचा विद्यार्थी, कुर्ला

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. संगणकाचं वॉटर कूलिंग असंच सुरू झालं. २००० सालाच्या आगेमागे विकत मिळणारे भाग फार थोडे होते, तेव्हा परदेशातली हौशी मंडळी भंगारातल्या गाड्यांचे हीटर कोअर (गाडीच्या आतल्या हीटरचे छोटे रेडिएटर) काढून संगणकाला लावत. तुझ्या घरात तर ही कारागिरी वडिलोपार्जित आहे.

आकाराची काळजी तुला नाही. गाडीचा रेडिएटर हजारो वॅट फेकतो. पण तो ते करतो तेव्हा इंजिनाचं पाणी नव्वदीच्या आसपास असतं आणि बाहेरची हवा तिशीत, म्हणजे फरक ६० अंशांचा. आपल्याला १० अंशांच्या फरकात काम हवं, म्हणजे त्याची ताकद एक-षष्ठांश झाली. तरीही ४१० वॅटला ती भरपूर आहे. मागे दोन-तीन मोठे पंखे, अगदी मंद वेगाने लाव. बाहेर उभा असल्यामुळे त्याला कॅबिनेटची तापलेली हवाही मिळणार नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा मात्र घेऊ नकोस. इथे माझी चूक सांगतो, तुझ्या उपयोगी पडेल. मुलीच्या मशीनला दुसरा रेडिएटर, २८० चा, मी एका विक्रेत्याकडून सेकंडहँड घेतला. काळा रंग दिलेला, वजनाला हलका. तांब्याचा आहे असं त्याने सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. सात महिने सगळं छान चाललं. मग एका आठवड्यात कार्ड १५ अंश वर गेलं आणि टाकीतलं पाणी संथ फिरताना दिसू लागलं. ब्लॉक उघडला. त्यातल्या तांब्याच्या रेषा इतक्या बारीक असतात की नखसुद्धा आत जात नाही. त्या रेषांमध्ये राखाडी-पांढरा, साबुदाण्याच्या खिरीसारखा चिकट थर भरला होता. टाचणीने काढला तर टाचणीलाच लोंबत आला. रेडिएटरच्या तोंडाशी आट्यांवरचा रंग खरवडला आणि आत पांढराशुभ्र धातू चमकला. पितळ असतं तर पिवळं दिसलं असतं. दहा सेकंदांची ही तपासणी मी विकत घेतानाच करायला हवी होती. मुलीचं दोन दिवसांचं काम बुडालं, ते मला अजून लागतं.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की बॅटरीसारखा प्रकार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. फ्रिजमध्ये तांब्याची नळी अ‍ॅल्युमिनियमला जोडतात त्या जोडावर स्लीव्ह चढवतात, ओल लागू नये म्हणून. गिरगाव चौपाटीच्या बाजूच्या इमारतींत आउटडोअरच्या अ‍ॅल्युमिनियम फिन्स खाऱ्या हवेने अशा होतात की हात लावला की भुगा पडतो. संगणकाचे ब्लॉक तांब्याचे असतात, तेव्हा रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा. चुंबकाने तपासू नकोस, तो तिन्हींना चिकटत नाही. आट्या खरवडून रंग बघ.

पद्मिनीच्या रेडिएटरला हा धोका नाही, पण त्याच्या पोटात वर्षानुवर्षांचा गंज आणि क्षार आहेत. ते ब्लॉकच्या त्या बारीक रेषांत गेले तर पहिल्याच दिवशी काम थांबेल. म्हणून हे काम वडिलांच्या हातून करून घे. दोन्ही टाक्या डाग सोडवून उघडायच्या, एकेका नळीत रॉडिंग करायचं, म्हणजे सळई घालून ती साफ करायची, टाक्या पुन्हा डाग देऊन बसवायच्या आणि मोठ्या होसची तोंडं बंद करून तिथे संगणकाच्या फिटिंगला चालणाऱ्या जी १/४ आट्यांचे पितळी सॉकेट लावायचे. मग हौदात बुडवून हवा भरायची आणि बुडबुडे बघायचे. ते हे तुझ्यापेक्षा चांगलं जाणतात. फक्त त्यांना सांग की इथे दाब गाडीपेक्षा कमी आहे, पण स्वच्छता जास्त लागते. डाग देताना वापरलेला फ्लक्स आत राहता कामा नये.

धुवायचं असं. घरच्या मोरीत रेडिएटरमध्ये अर्धा भरेल इतकं कढत पाणी ओत, तोंडं बंद कर, दोन मिनिटं खळखळून हलव आणि पांढऱ्या टबात ओत. पहिल्या खेपेला काळे कण आणि हिरवट पाणी येईल. नवीन रेडिएटरसुद्धा पहिल्या खेपेला असे कण सोडतो. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहा, आठ-दहा खेपा लागतील. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरने तीनदा. मग आरओ फिल्टरवाले वापरतात तो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर कोणाकडून तरी आण. ताज्या डिस्टिल्ड वॉटरचा आकडा वहीत लिही, तेच पाणी रेडिएटरमध्ये भरून दोन दिवस तसंच ठेव आणि पुन्हा मोज. आकडा बराच चढला असेल तर आत अजून काही आहे, पुन्हा धू. जवळपास तेवढाच राहिला की पंप जोड. सुरुवातीचे दोन आठवडे ब्लॉकच्या आधी एक जाळीचा फिल्टर ठेव, आणि तो उघडशील तेव्हा जाळीवर काय अडकलं ते मला पत्राने कळव.